रागाचं कुळ

बाईंना दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांच्या तोंडात एकच शब्द उरला होता, आणि तो नेमका 'राग' होता.

पाणी हवं असलं तरी राग. खिडकी लावायची असली तरी राग. शेजारच्या काकू फळं घेऊन भेटायला आल्या, तर त्यांच्याकडे बघून अगदी गोड हसत, पुन्हा राग. काकूंचा चेहराच पडला. निघताना जिन्यात त्यांनी बाईंच्या नवऱ्याला हळूच विचारलं, "माझं काही चुकलं का हो?"

"तुमचं कशाला चुकेल? मेंदूत एक गुठळी अडकली, तिचं चुकलं," तो म्हणाला. "तिला सगळं कळतं. ओळखते, ऐकते, मनातल्या मनात आपल्या चुकाही काढत असणार. फक्त बोलायला गेली की हे एवढंच बाहेर येतं."

हा नवरा उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करत आला होता. बिघडलेल्या यंत्रासमोर हातपाय न गाळता बसायची त्याला सवय होती. डॉक्टरांनी आजार समजावून सांगितला, तेव्हा त्याने तो आपल्या भाषेत करून घेतला: दोर शाबूत आहे, मोटर चालू आहे, दार तेवढं उघडत नाहीये. दार उघडत नाही म्हणून कोणी अख्खी लिफ्ट मोडीत काढत नाही.

बाईंना हे पटलं होतं. पण पटलं असं सांगायला शब्द कुठे होता?

सारं आयुष्य बाईंनी शब्दांतच काढलं होतं. शब्दकोशाच्या कार्यालयात त्या मुख्य संपादक होत्या. त्यांच्या हाताखाली एक उपसंपादक होता. लांबलेली नोंद दिसली की त्याचे हात शिवशिवायचे, म्हणून बाईंनी त्याचं नाव 'कात्री' ठेवलं होतं, आणि आता तर कार्यालयातला शिपाईसुद्धा त्याला 'कात्रीसाहेब' म्हणायचा. माणूस हुशार होता, प्रामाणिक होता. दोघांचं रोज वाजायचं आणि रोज चहाही एकत्रच व्हायचा. 'र' या अक्षराचं काम चाललं होतं, आणि 'राग' या शब्दावर दोघांचं घोडं अडलं होतं.

"राग म्हणजे क्रोध, संताप. संपलं. पुढे चला," कात्री म्हणायचा.

"संपलं कसं? आला कुठून ते नको सांगायला?" बाई म्हणायच्या.

आणि मग त्या सुरू व्हायच्या. संस्कृतात 'रञ्ज्' असा धातू आहे. रंग चढणं, रंगून जाणं, हा त्याचा अर्थ. रंगात बुडवलेल्या कापडावर जो चढतो तो राग. म्हणजे राग आणि रंग ही सख्खी भावंडं. रंगवतो तो रंगारी. लाल रंगलेलं ते रक्त. मन रंगतं ते रंजन. एखाद्या माणसाचा रंग मनावर चढला की अनुराग, आणि चढलेला रंग उतरला की विरक्ती, वैराग्य. गाण्यातला राग तोही हाच, ऐकणाऱ्याला रंगवणारा. मराठीने मात्र हा प्रेमाच्या घरचा शब्द उचलला आणि थेट संतापाच्या घरात नेऊन बसवला. माणूस चिडला की लाल होतो म्हणून असेल, किंवा चिडलेल्या मनावरही दुसरा कुठलाच रंग चढत नाही म्हणून असेल. हा बाईंचा आपला अंदाज. अंदाज आहे असं त्या नोंदीत स्पष्ट लिहिणार होत्या.

ही नोंद त्यांनी वर्षभर घोळवली. कार्यालयात वाचली, घरी जेवताना वाचली, भाजी चिरताना म्हटली. आणि एका सकाळी कात्रीला ती पुन्हा ऐकवत असतानाच त्यांचं तोंड वाकडं झालं, उजवा हात टेबलावरून घसरला, आणि पुढचं त्यांना आठवत नाही.

मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला होती. ती धावत आली. घर सोडून लांबची नोकरी धरल्यावरून मायलेकींत थोडी कुरबुर झालेली होती. पलंगाशी बसून तिने आईचा हात हातात घेतला आणि बाईंच्या तोंडून निघालं, "राग."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "अजून आहे माझ्यावर?"

बाईंनी जोरजोरात मान हलवली. "राग! राग, राग!" जेवढं समजवायला जावं तेवढं ते जास्तच भांडल्यासारखं वाटत होतं. मुलगी मान खाली घालून ऐकत राहिली. त्या क्षणी बाईंनी मनाशी ठरवलं की काहीही झालं तरी हिला उत्तर द्यायचं. बाकी काही बोलता आलं नाही तरी चालेल, पण हिला उत्तर दिल्याशिवाय राहायचं नाही.

वाचा-उपचार करणारी एक ताई घरी येऊ लागली. बाईंच्या मुलीएवढीच असेल. ती चित्रांचे पत्ते समोर मांडायची. कप. चावी. मांजर. बाई कपाकडे बघायच्या. कप हा शब्द त्यांना दिसायचा, तो परभाषेतून आलाय हेही कळायचं, त्याची नोंद कितव्या खंडात आहे हेसुद्धा सांगता आलं असतं. आणि तोंडातून यायचं, "राग." चावी? "राग." मांजर? बाईंनी डाव्या हाताने सगळे पत्ते जमिनीवर भिरकावून दिले.

ताई शांतपणे पत्ते गोळा करायला खाली वाकली. "मला चालतं हं," ती म्हणाली. "पेशंट भिंतीकडे तोंड करून झोपला की मला भीती वाटते. पत्ते फेकले की बरं वाटतं. उद्या पुन्हा फेका, पण त्याआधी एकदा 'क' म्हणा."

बाईंना ती पोर आवडली.

त्यानंतर एक दिवस कात्री आला. खुर्चीच्या कडेवर अवघडून बसला, चहाचा कप हातात तसाच धरून राहिला. एवढा बोलका माणूस, पण त्याला सुरुवातच सापडेना.

"बाई, खंड छपाईला जातोय," तो शेवटी म्हणाला. "फार जाड झालाय. बांधणीवाल्याने हात टेकले. म्हणतो, एवढ्या पानांची पाठ टिकणारच नाही, वर्षभरात पानं सुटतील. म्हणून संचालकांनी ठरवलंय की व्युत्पत्ती सगळ्या काढून टाकायच्या. शब्द आणि अर्थ, बस्स. मी त्यांना म्हटलं, बाई बऱ्या होईपर्यंत थांबा. तर ते म्हणाले, बाईंनी आता आराम करावा."

"राग," बाई म्हणाल्या. आजारपणानंतर तो शब्द पहिल्यांदाच आपल्या अर्थाने बाहेर पडला होता. कात्रीलाही ते कळलं. त्याने खाली बघत चहा संपवला.

"मला आनंद झाला असेल असं वाटत असेल तुम्हाला," दाराशी जाऊन तो म्हणाला. "नाही झाला. भांडायला समोर कोणी नसलं की कापण्यात काही राम नाही."

त्या दिवसापासून बाईंनी स्वतःला कामाला जुंपलं. आरशासमोर बसून ओठ जुळवायच्या, सोडायच्या. ताईने दिलेला आवाजांचा सराव करून घसा बसायचा. पण शब्द काही बाहेर येईना. आठवडे गेले. नवऱ्याने कामाच्या पाळ्या कमी करून घेतल्या होत्या. स्वयंपाक, कपडे, औषधं, सगळं त्याच्या अंगावर पडलं होतं, आणि तो सगळं हसत करत होता. बाईंना तेच सोसत नव्हतं. माणूस इतका हसतो म्हणजे आतून किती दमला असेल!

एकदा तो सूप ढवळत होता आणि ढवळता ढवळता बाईंकडून 'पाणी' म्हणवून घेत होता.

"पा," तो म्हणाला. "नुसतं पा म्हण. ओठ मीट आणि उघड. पा."

"राग."

"पा गं. पा, पा, पा."

"राग."

"ठीक आहे. चमचा. च-म—"

"राग."

तेवढ्यात सूप उतू गेलं, गॅस विझला, आणि त्याचा बांध फुटला. हातातला डाव त्याने ओट्यावर आपटला.

"राग, राग, राग! वर्षभर जेवताना तेच, आता आजारपणातही तेच! घास तोंडात असायचा आणि तू सुरू! राग म्हणजे रंग, रंगवतो तो रंगारी... पाठ झालंय मला! झोपेत विचारलं तरी सांगेन! राग, रंग, रंगारी आणि पुढे काय? सांग ना! पुढे काय गं?"

"र... क्त," बाई म्हणाल्या.

ओट्यावरून सूप टपटप जमिनीवर गळत होतं. नवरा तसाच उभा होता.

"पुढे?" तो म्हणाला. आवाज पार खाली आला होता.

"रं... जन."

"पुढे?"

बाईंनी डोळे मिटले. नोंद त्यांना समोर दिसत होती. "अनु..." जीभ अडली. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, राग, रंग, रंगारी, रक्त, रंजन, आणि त्या वेगातच पुढची पायरी गाठली. "अनुराग."

नवरा मटकन खाली बसला, तिथेच, सांडलेल्या सुपाशेजारी. "मी ओरडलो तुझ्यावर," तो म्हणाला.

बाई हसल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण त्याचं ओरडणं त्यांना इतकं गोड कधी लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताईने सगळं नीट ऐकून घेतलं आणि चित्रांचे पत्ते पिशवीत टाकले. "असं होतं कधी कधी," ती म्हणाली. "आठवून बोलायचा रस्ता बंद झाला तरी घोकलेल्याचा रस्ता उघडा राहतो. कुणाला आकडे येतात, कुणाला वार येतात. तुम्हाला ही नोंद येते. मग आपण इथूनच जाऊ. रंग म्हटलंत? कोणता रंग?"

"ला..."

"म्हणा."

"लाल."

"लाल काय असतं?"

हे फार वेळ चाललं. बाईंना घाम फुटला. "टमा... टमाटा," त्या म्हणाल्या, आणि ताईने टाळ्या वाजवल्या.

मग ते रोजचंच झालं. रंगाऱ्यापासून कापड, कापडापासून सदरा, सदऱ्यापासून बटण. रक्तापासून सुई, सुईपासून दोरा. प्रत्येक शब्दासाठी आधी खाली उतरायचं, राग म्हणायचं, आणि तिथून चढत यायचं. काही दिवस चार पायऱ्या चढून व्हायच्या, काही दिवस एकही नाही. एकदा ताप आला आणि मिळवलेलं सगळं जणू धुऊन गेलं, पुन्हा नुसता राग उरला. नवरा घाबरला. बाई घाबरल्या नाहीत. ताप उतरला त्या सकाळी उठून बसल्या आणि अंथरुणातच म्हणाल्या, "राग. रंग. रंगारी." ते ऐकून तो चहा करायला गेला.

या कुळातले नसलेले, कुठल्याही पायरीवर न सापडणारे दोन-तीन शब्द मात्र बाईंनी वेगळे घोकायला घेतले होते. ताईला सुद्धा सांगितलं नव्हतं. ते तोंडात बसल्यावर त्यांनी नवऱ्याला खुणेने फोन लावायला लावला. पलीकडून मुलगी म्हणाली, "बाबा?"

"मी," बाई म्हणाल्या.

"आई! आई, तू बोलतेयस?"

"राग... नाही," बाई म्हणाल्या. "तुझ्यावर... नाही."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि मुलगी म्हणाली, "एवढं सांगायला इतके महिने लावलेस होय?" आणि दोघी एकदमच हसल्या.

आता उरलं होतं कार्यालय. खंडाची शेवटची बैठक ठरली आहे, असं कात्रीने कळवलं. बाईंनी कपाटातून आपली बैठकीची साडी काढायला लावली.

"मी बोलतो तुझ्या वतीने," नवरा बसमध्ये म्हणाला. "तू शेजारी बस. मला पाठ आहे सगळं."

"मी," बाई म्हणाल्या.

"अगं, पण अडलीस तर?"

"अडेन."

नवऱ्याने दोन तिकिटं काढली.

बैठकीच्या खोलीत संचालक, कात्री आणि बांधणीवाला बसले होते. बाईंना बघून तिघेही उठले. संचालक भला माणूस होता, आणि पंचाईत तीच होती. बाईंनी तोंड उघडलं की तो मायेने त्यांचं वाक्य पुरं करायचा.

"खंड..." बाई म्हणाल्या.

"हो, खंड छान झालाय, सगळं तुमचंच श्रेय—"

"व्यु..."

"व्युत्पत्ती, कळतंय मला, तुमचा जीव आहे त्यांच्यावर, पण बाई, पानं—"

बाईंनी डावा पंजा वर केला. "थांबा." शब्द एवढा खणखणीत आला की नवराही दचकला. "मी... बोलते. वेळ... लागेल."

संचालक बसला.

मग वेळ लागला. भिंतीवरचा पंखा गरगरत होता आणि खाली रस्त्यावर कुणीतरी लोखंडी सळया उतरवत होतं. बाई एकेक शब्द ओढून वर आणत होत्या, विहिरीतून जड बादली ओढावी तशा. "शब्द... एकटा... नसतो. कुळ... असतं." मध्येच त्या पार अडकल्या. नवऱ्याचे ओठ हलले, पण त्याने स्वतःला आवरलं. बाई हलक्या आवाजात पुटपुटल्या, राग, रंग, रंगारी, रक्त, आणि पुन्हा वर आल्या. "मी... पडले. सगळे... शब्द गेले. कुळ... राहिलं. त्याला धरून... आले."

संचालकाने चष्मा काढून हातात घेतला.

"कुळ... एकदा लिहा," बाई म्हणाल्या. "एका जागी. राग. बाकी... रंग, रक्त, रंजन... तिथे नको. तिथे फक्त... 'राग पाहा'."

कात्री ताडकन सरळ झाला. "म्हणजे व्युत्पत्ती कुळातल्या थोरल्या शब्दापाशीच द्यायची, आणि बाकीच्यांकडून तिकडे पाठवायचं?" तो घाईघाईने कागदावर काहीतरी मांडू लागला. "आत्ता आपण तेच तेच प्रत्येक नोंदीत लिहितो. बरीच पानं वाचतील. पण पुरेशी नाही, बाई. तरी जाडच होईल."

"उदाहरणं," बाई म्हणाल्या. "माझी. काप."

कात्रीचा हात थांबला. ती उदाहरणांची वाक्यं बाईंनी वर्षानुवर्षं जमवली होती. एकेका वाक्यासाठी त्या त्याच्याशी दिवसभर भांडल्या होत्या. "तुमची?" तो म्हणाला. "सगळी?"

"निवडून. मी... निवडेन."

बांधणीवाल्याने कात्रीच्या हातातला कागद आपल्याकडे ओढला, बोटाने जाडी अजमावली आणि मान डोलावली. "एवढ्यात बसलं तर पाठ धरेल."

संचालक बराच वेळ चष्मा पुसत होता. "हे सगळं करणार कोण? आधीच्या खंडाची छपाई संपेपर्यंतच सवड देता येईल. आणि स्पष्टच बोलतो, बाई. मुख्य संपादकाचं काम तुम्हाला आता झेपायचं नाही. रोजचे फोन, बैठका, लोकांशी बोलणं. ते यांच्याकडे द्यावं लागेल." त्याने कात्रीकडे बोट केलं. कात्री टेबलाकडे बघत होता.

बाईंना ते लागलं. चेहरा तापला, कानशिलं तापली. हा खरा राग होता, आणि त्या माणसाचं म्हणणं खोटं नव्हतं म्हणून तो जास्तच जळत होता. त्यांनी तो गिळला नाही, कुणावर काढलाही नाही. त्याची धग जिभेपर्यंत येऊ दिली.

"चालेल," त्या म्हणाल्या. "खुर्ची... त्याला. शब्द... मला."

"मला मान्य आहे," कात्री संचालकांना म्हणाला. "पण व्युत्पत्तीत बाईंचा शब्द शेवटचा. तसं लिहून द्या, नाहीतर ती खुर्ची मलाही नको."

काम सुरू झालं. कात्री वाचायचा, बाई ऐकायच्या आणि डाव्या हातातल्या लाल पेन्सिलीने रेघ मारायच्या. रेघ वाकडीतिकडी जायची, पण कुठलं वाक्य जाणार आणि कुठलं राहणार याबद्दल शंका नसायची. आवडती वाक्यं कापताना त्या ओठ चावायच्या. कधी कात्रीच कळवळायचा, "हे राहू दे हो, किती सुरेख आहे." आणि बाई म्हणायच्या, "काप."

'रागरंग' या शब्दापाशी मात्र दोघांची जुंपली. कात्रीचं म्हणणं, हा जोडशब्द आहे, त्याला वेगळी जागा कशाला? बाईंचं म्हणणं, लोक रोज बोलतात, रागरंग बघून आत जा म्हणतात, आणि एकाच आईची दोन लेकरं त्यात हातात हात घालून उभी आहेत. हे सगळं सांगायला त्यांना पाऊण तास लागला. कात्रीने पाऊण तास ऐकलं, एकदाही वाक्य पुरं केलं नाही, आणि शेवटी म्हणाला, "बरं. पण एका ओळीत."

"दोन," बाई म्हणाल्या.

"दीड."

खंड वेळेवर छापून झाला. बाईंचं नाव आता दुसऱ्या जागी होतं. नवऱ्याने पान उघडून बघितलं आणि त्यांच्यापुढे धरलं. बाईंनी ते पान उलटलं आणि आतल्या छपाईतल्या चुका शोधायला घेतल्या. दोन सापडल्या. त्या त्यांनी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ऐकवल्या.

पुढच्या आठवड्यात नवरा त्यांना कार्यालयात सोडायला आला, तेव्हा टेबलावर नव्या अक्षराचे गठ्ठे येऊन पडले होते. कात्रीने खुर्ची ओढून दिली. नवरा दारातच घुटमळला. संध्याकाळी किती वाजता न्यायला येऊ, पाण्याची बाटली दिलीय, गोळी दुपारी घ्यायची, असं त्याचं चाललं होतं.

"जा," बाई म्हणाल्या. "मी येईन... बसने."

"एकटी? आणि कंडक्टरने विचारलं, कुठे उतरायचं, तर?"

"सांगेन."

"अगं, पण शब्द नाही आला तर?"

"तर... थांबेल तो," बाई म्हणाल्या, आणि गठ्ठ्यातला पहिला कागद त्यांनी कात्रीपुढे सरकवला. "वाच."